चित्रलिपीच्या जागी डबे येतात तेव्हा: लिबरऑफिस आणि पीडीएफमधल्या नेहमीच्या बिघाडाची तपासणी

आधी लक्षणं. मॅटरमध्ये इजिप्तच्या चित्रलिपीची एखादी ओळ असली, की पुढच्यापैकी एक तरी प्रकार समोर येतोच.

- चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन, म्हणजे आपल्या भाषेत डबे. काही प्रोग्राममध्ये डब्याच्या आत बारीक आकडे दिसतात.
- साधी प्रश्नचिन्हं, किंवा काळ्या हिऱ्यात बसवलेलं प्रश्नचिन्ह.
- दर चिन्हामागे चार-चार अनोळखी अक्षरं, त्यांत मधेच युरोचं चिन्ह.
- पक्षी, सिंह, हात यांच्या जागी सरळ इंग्रजी अक्षरं.
- पहिल्या चिन्हापाशी मजकूर तुटलेला आणि पुढचा परिच्छेदच गायब.
- आपल्या मशीनवर सगळं ठीक, पण प्रेसवाल्याकडे फॉन्ट उडालेला.
- चिन्हं दिसतात, पण एकावर एक बसायला हवीत ती एका रांगेत उभी.

मी साताऱ्यात पुस्तकांची पानं लावतो आणि सगळं काम मुक्त सॉफ्टवेअरवर करतो: लिबरऑफिस, इंकस्केप, ओक्युलर. इतिहासाचे प्राध्यापक, दिवाळी अंकांचे संपादक, मोडीचे वर्ग घेणारी मंडळी लिपींवरचं मॅटर घेऊन येतात आणि त्यांच्याबरोबर हा बिघाडही येतो. कराडहून फोन येवो की सांगलीच्या विश्रामबागेतून, पहिलं वाक्य ठरलेलं: "अहो, फॉन्ट तर टाकला, तरी डबेच येतात."

बहुतेक जण लगेच फॉन्टच्या मागे लागतात आणि अख्खी दुपार त्यात जाते. पण फॉन्टचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की फाइलमध्ये अक्षर शिल्लक आहे का?

डबा दिसत असेल तर अक्षर जवळपास नक्कीच जिवंत आहे. प्रोग्रामला कोणतं चिन्ह हवं ते ठाऊक आहे, फक्त त्याचं चित्र सापडत नाही. हा बिघाड दुरुस्त होतो. साधं प्रश्नचिन्ह दिसत असेल तर अक्षर वाटेत कुठेतरी मेलं आहे आणि त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह येऊन बसलं आहे. मग जगातले सगळे फॉन्ट टाकले तरी ते परत येणार नाही. ही एक गोष्ट ओळखता आली की अर्धं काम झालं.

मराठी नीट राहते आणि हेच का मरतं

युनिकोड म्हणजे जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, म्हणजे कोड, देणारी यादी. त्यात इजिप्शियन चित्रलिपी २००९ साली, ५.२ आवृत्तीत आली. त्या वेळी १,०७१ चिन्हं होती आणि त्यांची सुरुवात यू+१३००० पासून होते. चिन्हांना नावं प्राचीन इजिप्तचे ब्रिटिश अभ्यासक अॅलन गार्डिनर यांच्या चिन्हयादीवरून मिळाली: बसलेला माणूस म्हणजे ए००१, गिधाड जी००१, घुबड जी०१७, पाण्याची लाट एन०३५.

हे कोड फाइलमध्ये साठवायची नेहमीची पद्धत म्हणजे यूटीएफ-८, आणि साठवणीचं माप म्हणजे बाइट. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. चित्रलिपीचं प्रत्येक चिन्ह चार बाइट घेतं. सगळी गोम इथे आहे. तीन बाइटपर्यंतच विचार करणारा जुना प्रोग्राम, डेटाबेस किंवा कन्व्हर्टर मराठी मजकूर व्यवस्थित सांभाळतो, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. चौथा बाइट आला की तो अडखळतो.

आपल्याकडे याची एक उत्तम कसोटी हाताशी आहे, ती म्हणजे मोडी. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली. यू+११६०० म्हणजे मोडीतला अ. मोडीही त्याच वरच्या पट्ट्यात राहते आणि तिलाही चार बाइट लागतात. म्हणून खालच्या तपासण्यांत मोडीचं एक अक्षर मी कायम सोबत ठेवतो.

पहिली तपासणी: ऑल्ट आणि एक्स

फुकट आणि चुटकीसरशी होणारी. लिबरऑफिस रायटरमध्ये संशयित चिन्ह कॉपी करून रिकाम्या ओळीवर एकटंच ठेवा. कर्सर त्याच्या लगेच पुढे न्या आणि ऑल्ट दाबून एक्स दाबा. चिन्हाचा कोड दिसेल. पुन्हा तीच कळ दाबली की चिन्ह परत येतं.

कोड १३ ने सुरू होणारा पाच आकडी असेल, उदाहरणार्थ यू+१३१५३, तर ते खरोखरचं घुबड आहे आणि अडचण फक्त दिसण्याची आहे. तिसऱ्या तपासणीवर जा. यू+००३एफ आला तर ते साधं प्रश्नचिन्ह, यू+एफएफएफडी आला तर हिऱ्यातलं. दोन्ही वेळा मूळ मजकूर गेला. यू+००४१ सारखा लहान कोड आला तर मॅटर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं आहे. आणि ई००० ते एफ८एफएफ या दरम्यानचा कोड आला तर चिन्ह खासगी पट्ट्यात आहे. तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्यालाच ते दिसेल, बाकी कुणाला नाही.

ही तपासणी आधी करायची, कारण पुढची सगळी वाट यावर ठरते. लेखकाला फोनवर प्रश्न विचारत बसण्यापेक्षा ही एक कळ दाबायला सांगावी.

दुसरी तपासणी: वाटेत अक्षर कुठे मेलं

प्रश्नचिन्हं निघाली तरच ही करा. लेखकाकडून आपल्यापर्यंत मॅटर कोणकोणत्या हातांतून आलं ते विचारा: व्हॉट्सअॅप, ईमेल, वेबसाइटचा फॉर्म, एखादा कन्व्हर्टर. मग एका साध्या फाइलमध्ये चार गोष्टी टाइप करा: एक मराठी शब्द, एक हसरा चेहरा म्हणजे इमोजी, एक मोडी अक्षर आणि एक चित्रलिपीचं चिन्ह. ही फाइल त्याच वाटेनं एक-एक टप्पा पुढे सरकवा आणि दर टप्प्यावर बघा.

मराठी शब्दही प्रश्नचिन्हात गेला तर फाइल युनिकोडमध्ये सेव्हच होत नाहीये. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एएनएसआय निवडलं की असं होतं, यूटीएफ-८ निवडा. मराठी वाचलं पण इमोजी, मोडी आणि चित्रलिपी तिन्ही गेली, तर तो टप्पा चौथा बाइट झेपत नसलेला आहे. गुन्हेगार सापडला. आणि मराठी, इमोजी, मोडी तिन्ही दिसतात, फक्त चित्रलिपीचा डबा होतो, तर वाट स्वच्छ आहे आणि प्रश्न फॉन्टचाच आहे.

एका चिन्हाच्या जागी बरोबर दोन प्रश्नचिन्हं आली तरी बरंच कळतं. जुने प्रोग्राम प्रत्येक अक्षर सोळा बिटांत मावतं असं धरून चालतात. चित्रलिपीचं चिन्ह सोळा बिटांच्या दोन तुकड्यांत साठवलं जातं. प्रोग्राम प्रत्येक तुकड्याला वेगळं अक्षर समजतो आणि दोन्ही तुकडे निरर्थक ठरतात.

आपल्या भागात सर्वांत जास्त बळी घेतो तो युनिकोडमधून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये नेणारा कन्व्हर्टर. अनेक प्रेस अजून जुन्या पानलावणीच्या प्रोग्रामवर चालतात, त्यामुळे युनिकोड मॅटर आलं की आधी कन्व्हर्टरमधून काढलं जातं. कन्व्हर्टरकडे देवनागरीचा तक्ता असतो, त्याबाहेरचं त्याला काही माहीत नसतं. त्यात कन्व्हर्टरचा दोष नाही, पण मॅटर त्याच्या हातात देण्याआधी चित्रलिपीच्या ओळी बाहेर काढून ठेवाव्यात आणि पान लागल्यावर चित्र म्हणून बसवाव्यात.

वेबसाइटवरून मॅटर आलं असेल आणि पहिल्या चिन्हापाशी पुढचा सगळा मजकूर कापला गेला असेल, तर मायएसक्यूएल डेटाबेसकडे बघा. त्यातला यूटीएफ८ नावाचा जुना प्रकार तीनच बाइटपर्यंत घेतो. पूर्ण चार बाइट घेणाऱ्या प्रकाराचं नाव यूटीएफ८एमबी४. टेबल आणि जोडणी, दोन्हीकडे तो लावावा लागतो. हे काम वेबसाइट सांभाळणाऱ्याचं आहे, आपण डेटाबेसमध्ये हात घालू नये.

चार-चार अनोळखी अक्षरांचा प्रकार त्यातल्या त्यात सुखाचा. यूटीएफ-८ मजकूर भलत्याच एन्कोडिंगनं, म्हणजे अक्षरं साठवायच्या दुसऱ्याच पद्धतीनं, उघडला गेला आहे, एवढंच. त्या फाइलमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरामागे तीन आणि चित्रलिपीमागे चार अक्षरं दिसतील, तेवढ्यावरून ओळखा. फाइल सेव्ह न करता बंद करा. लिबरऑफिसमध्ये उघडताना फाइलचा प्रकार म्हणून एन्कोडिंग निवडण्याची सोय असलेला टेक्स्ट पर्याय घ्या आणि यूटीएफ-८ सांगा. मजकूर जसाच्या तसा उभा राहतो.

तिसरी तपासणी: फॉन्ट आहे का

लिबरऑफिसमध्ये चिन्हावर कर्सर ठेवून वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव बघा. नाव तिरकं दिसत असेल तर तो फॉन्ट या मशीनवर नाही आणि दुसराच बदली वापरला जातोय. विंडोज १० वर तयार झालेल्या फाइलमध्ये हे फार होतं. तिथे चित्रलिपीसाठी सेगो यूआय हिस्टॉरिक हा फॉन्ट सोबतच येतो, त्यामुळे लेखकाला काहीही न टाकता सगळं दिसतं. लिनक्सवर तो नसतो.

आता टर्मिनल, म्हणजे लिनक्समध्ये कमांड टाइप करायची खिडकी. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. 'एफसी-लिस्ट' लिहून एक जागा सोडा आणि पुढे ':कॅरसेट=१३०००' द्या. ज्या फॉन्टमध्ये बसलेल्या माणसाचं चिन्ह आहे त्यांचीच यादी येईल. यादी रिकामी आली तर फॉन्ट नाही, विषय संपला. नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण नावात 'हायरोग्लिफ' असलेले पण आत युनिकोड नसलेले फॉन्टही असतात.

नसेल तर नोटो सॅन्स इजिप्शियन हायरोग्लिफ्स घ्या. तो मोफत आहे, मुक्त परवान्याचा आहे, छापायला आणि वाटायला आडकाठी नाही. डेबियन आणि उबुंटूवर तो 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' या पॅकेजमधून येतो. नुसती फाइल मिळाली असेल तर घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या '.लोकल' फोल्डरात, 'शेअर' आणि त्यात 'फॉन्ट्स' अशा ठिकाणी ठेवा आणि 'एफसी-कॅश' ही कमांड चालवा. नंतर लिबरऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करून ते पुन्हा सुरू करा. एक जरी खिडकी उघडी राहिली तरी जुनीच यादी दिसत राहते, आणि लोक म्हणतात फॉन्ट टाकून उपयोग झाला नाही.

बहुतेक चिन्हं दिसतात, मोजक्याच जागी डबे आहेत, असं असेल तर त्या डब्यांचे कोड काढा. यू+१३४६० आणि पुढचे निघाले तर ती २०२४ साली युनिकोड १६ मध्ये आलेली वाढीव चिन्हं आहेत. एकदम ३,९९५ चिन्हांची भर पडली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ती असणारच नाहीत. फॉन्टची नवी आवृत्ती शोधा, आणि नसेल तर तेवढी चिन्हं चित्र म्हणून बसवा.

चौथी तपासणी: लिबरऑफिसचे तीन खण

'फॉन्ट तर टाकला, तरी डबेच' या तक्रारीचं खरं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिबरऑफिस प्रत्येक शैलीसाठी एक नव्हे, तीन फॉन्ट ठेवतं: पाश्चात्त्य लिपींसाठी एक, चिनी-जपानीसारख्या आशियाई लिपींसाठी एक, आणि देवनागरी, अरबी यांसारख्या जोडाक्षरी किंवा उलट्या दिशेच्या लिपींसाठी तिसरा, ज्याला सीटीएल म्हणतात. कोणतं अक्षर कोणत्या खणात पडणार हे प्रोग्राम अक्षराची लिपी बघून ठरवतो. तुम्ही ओळ निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलता, तो एखाद्या खणात बदलतो, आणि चिन्ह मात्र दुसऱ्या खणातला फॉन्ट उचलतं. पट्टीत नाव बरोबर दिसतं, पानावर डबा दिसतो. मराठी परिच्छेदाच्या मधोमध चार चिन्हं बसलेली असली की हा घोळ हमखास होतो.

उपाय असा. टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगखाली आशियाई आणि सीटीएल या दोन्ही सोयी चालू करा. त्याशिवाय ते खण दिसतच नाहीत. मग 'चित्रलिपी' नावाची नवी कॅरेक्टर स्टाइल तयार करा आणि तिच्या तिन्ही खणांत एकच फॉन्ट द्या, नोटो किंवा जो ठरवला असेल तो. त्याच शैलीत भाषा 'नन' करा, म्हणजे शुद्धलेखन तपासणी लाल रेघा मारत बसणार नाही. पुस्तकातल्या प्रत्येक चिन्हाला हीच शैली लावायची, हातानं फॉन्ट बदलायचा नाही. उद्या फॉन्ट बदलायची वेळ आली तर एका जागी बदलतो.

मोडीसाठीही अशीच वेगळी शैली ठेवा. एका पुस्तकात देवनागरी, मोडी, रोमन आणि चित्रलिपी एकत्र आली तरी पानं शांत राहतात.

फाइल दुसऱ्याकडे उघडी द्यायची असेल तर फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या पानावर 'एम्बेड फॉन्ट्स' चालू करा. फाइल जड होते, होऊ द्या.

इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर

ऑल्ट-एक्स नं ००४१ सारखा कोड दाखवला असेल, तर लेखकानं जुना फॉन्ट वापरला आहे, ज्यात 'ए'च्या जागी गिधाड आणि 'एम'च्या जागी घुबड काढून ठेवलेलं असतं. जुन्या मराठी डीटीपी फॉन्टमध्ये आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो. तो फॉन्ट मिळवून काम भागवता येतं, पण मी तसं करत नाही. फॉन्ट उडाला की मजकूर उडाला, आणि पीडीएफमधून शोधायला गेलं तर घुबडाच्या जागी 'एम' सापडतो. ओळी थोड्या असतील तर लेखकाला शेजारी बसवून युनिकोडमध्ये नव्यानं घाला. कोड टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्ह उमटतं, त्यासाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही.

पाचवी तपासणी: पीडीएफच्या आत काय आहे

आपल्याकडे ठीक आणि प्रेसकडे डबे, याचा अर्थ फॉन्ट पीडीएफच्या आत गेलेला नाही. ओक्युलर आणि एव्हिन्स हे दोन्ही वाचक पॉपलर या एकाच लायब्ररीवर चालतात. फॉन्ट आत नसला तर ते मशीनवरचा जवळचा फॉन्ट उचलतात, म्हणूनच आपल्या मशीनवर बिघाड झाकला जातो.

टर्मिनलमध्ये 'पीडीएफफॉन्ट्स' आणि पुढे फाइलचं नाव द्या. एक तक्ता येतो, त्यातले तीन रकाने वाचायचे. 'एम्ब' म्हणजे फॉन्ट आत आहे का. 'सब' म्हणजे फक्त वापरलेली चिन्हं आत घेतली का. 'युनि' म्हणजे चित्रावरून परत कोडकडे जायचा नकाशा आहे का. 'एम्ब'खाली 'नो' असेल तर ती फाइल प्रेसला देऊच नका. लिबरऑफिसमधून पीडीएफ काढताना पीडीएफ/ए हा संग्रहासाठीचा प्रकार निवडा. त्या प्रकारात सगळे फॉन्ट आत असणं बंधनकारक आहे. 'युनि'खाली 'नो' असेल तर छपाई नीट होईल, पण वाचकानं ओळ कॉपी केली की कचरा मिळेल.

काही प्रेस म्हणतात, "कर्व्ह करून द्या." म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफवर काम करणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये 'नोआउटपुटफॉन्ट्स' हा पर्याय वापरला की संपूर्ण पीडीएफ कर्व्ह होते, चित्रलिपीसकट. ही फाइल फक्त छपाईच्या प्लेटसाठी. वाचकांना आणि ग्रंथालयांना द्यायची फाइल वेगळी काढा, तिच्यात अक्षरं अक्षरंच राहिली पाहिजेत.

पडद्यावर पीडीएफ ठीक आणि कागदावर डबे, असं घरच्या प्रिंटरवर झालं तर ओक्युलरच्या छपाईच्या खिडकीत 'फोर्स रास्टरायझेशन' चालू करून एक पान काढून बघा. पान नीट आलं तर दोष प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये आहे, तुमच्या फाइलमध्ये नाही.

सहावी तपासणी: एकावर एक का बसत नाहीत

इथून पुढे काम अवघड आहे.

चित्रलिपी एका रांगेत लिहिली जात नाही. चिन्हं चौकोनी गटांत रचली जातात. टॉलेमी राजाचं नाव घ्या. अंडाकृती चौकटीत, जिला कार्तूश म्हणतात, पहिल्या गटात वर 'प'चा चौकोन आणि त्याखाली 'त'ची भाकर. त्यापुढे वर दोरीचा फास आणि खाली पहुडलेला सिंह, जो 'ल' दाखवतो. पुढे 'म', दोन बोरूची पानं आणि शेवटी दुमडलेलं कापड, म्हणजे 'स'. २००९ च्या युनिकोडमध्ये ही चिन्हं होती, पण 'हे त्याच्यावर ठेव' असं सांगायची सोय नव्हती. ती २०१९ साली १२.० आवृत्तीत आली: नऊ नियंत्रक अक्षरं, त्यातलं यू+१३४३० म्हणजे उभी जोडणी. २०२२ साली १५.० मध्ये आणखी नियंत्रकं आली, त्यात चिन्ह आरशासारखं उलटवणारंही आहे.

म्हणजे जोडणी दिसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मजकुरात नियंत्रक हवा, फॉन्टमध्ये रचनेचे नियम हवेत आणि प्रोग्राममधलं हार्फबझ, म्हणजे अक्षरं जुळवणारं इंजिन, ते नियम पाळण्याइतकं नवं हवं. यांतलं एक जरी नसलं तरी चिन्हं रांगेत उभी राहतात किंवा मधे डबा येतो.

लिबरऑफिसला बाजूला ठेवून थेट इंजिनला विचारा. 'एचबी-व्ह्यू' या कमांडला फॉन्टची फाइल द्या आणि '--युनिकोड्स=' पुढे तीन कोड द्या: १३२एए, १३४३०, १३३सीएफ. म्हणजे चौकोन, उभी जोडणी, भाकर. चित्रात भाकर चौकोनाखाली बसली तर फॉन्ट आणि इंजिन दोन्ही ठीक, अडचण लिबरऑफिसच्या आवृत्तीत किंवा तुमच्या खणांत आहे. नाही बसली तर फॉन्ट बदलून बघा. 'इजिप्शियन टेक्स्ट' हा मुक्तपणे मिळणारा फॉन्ट याच रचनेसाठी तयार झाला आहे. त्यातही नाही बसली तर हार्फबझ जुनं आहे. लिबरऑफिस २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे हार्फबझ वापरतं, पण म्हणून तुमच्या मशीनवरचं हार्फबझ २०१९ नंतरचं असेलच असं नाही. कॉलेजांच्या लॅबमधल्या मशीनवर तर अनेकदा नसतं.

पुस्तक छापायचं आहे आणि वेळ नाही, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गटांची ओळ जेसेश या मोफत प्रोग्राममध्ये रचा. त्यात विसर्गासारखा कोलन म्हणजे 'खाली ठेव', एवढं कळलं की हात बसतो. एसव्हीजी चित्र काढा आणि पानात बसवा. चित्राच्या पर्यायी मजकुरात त्याचं लिप्यंतर लिहा. छापील दर्जा यातच सर्वांत चांगला मिळतो.

बिघाड नसलेल्या दोन गोष्टी

पक्षी आणि माणसं डावीकडे तोंड करून दिसतात म्हणून फाइल उलटवू नका. चित्रलिपीतले जीव ओळीच्या सुरुवातीकडे बघतात. शिलालेखांत ओळ बहुधा उजवीकडून सुरू होते, त्यामुळे फोटोत ती उजवीकडे बघताना दिसतात. युनिकोडमध्ये ओळ डावीकडून सुरू होते, म्हणून त्यांची तोंडं डावीकडे. फोटो आणि टाइप केलेली ओळ शेजारी छापणार असाल तर खाली एक टीप द्या, नाहीतर वाचक चूक समजतील.

शब्द भलत्या जागी तुटत असेल तर तेही फॉन्टचं काम नाही. चित्रलिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, मग प्रोग्रामला तोडायची जागा कळत नाही. जिथे ओळ तुटली तरी चालेल तिथे रायटरमध्ये कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबा, न दिसणारी तोडजागा बसते.

लाटेक या कोड लिहून पानं लावायच्या प्रणालीत काम करणाऱ्यांसाठी एकच. तिचे युनिकोड समजणारे प्रकार, झीलाटेक किंवा लुआलाटेक, वापरा, आणि चिन्ह गायब झालं की पडद्यावर नव्हे तर लॉग फाइलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' शोधा. 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' हे सेटिंग दोनवर ठेवलं की तोच इशारा पडद्यावरही येतो.

कुठे थांबायचं

मूळ मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत आणि लेखकाकडे दुसरी प्रत नाही, तिथे थांबा. संदर्भावरून चिन्हं भरू नका. घुबड आणि गिधाड आपल्याला सारखीच वाटतात, पण एक 'म' आहे आणि दुसरं वेगळाच ध्वनी आहे. हे काम लेखकाचं, आणि त्यालाही खात्री नसेल तर चित्रलिपी शिकलेल्या माणसाचं. तसंही प्लेट निघण्याआधी अशा ओळींचं प्रूफ जाणकाराच्या डोळ्यांखालून जायलाच हवं. आपण पानं लावणारे लोक, हे वाचून दुरुस्त करणारे नव्हे.

प्रेसच्या मशीनवर फॉन्ट आत असलेली, 'पीडीएफफॉन्ट्स'मध्ये स्वच्छ निघालेली फाइल अडत असेल तर आणखी प्रयोग करू नका. प्रेसच्या प्लेट विभागातल्या माणसाला तक्ता दाखवा आणि कर्व्ह केलेली फाइल द्या. त्यांच्या मशीनचं निदान तेच करू शकतात.

आणि फॉन्टच्या आतली रचना दुरुस्त करायला फॉन्टफोर्ज हा फॉन्ट घडवायचा प्रोग्राम उघडायचा मोह होईल, तो टाळा. गटरचनेचे नियम एकमेकांत गुंतलेले असतात, एक हलवला की दुसरीकडची दहा चिन्हं सरकतात. 'एचबी-व्ह्यू'मध्येच बिघाड दिसत असेल तर तो फॉन्ट बनवणाऱ्यांकडे नोंदवा. 'एचबी-व्ह्यू'मध्ये ठीक आणि लिबरऑफिसमध्ये बिघडलेलं असेल तर लिबरऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे बिघाड नोंदवायच्या वेबसाइटवर. नोंदवताना ग्राहकाचं पुस्तक पाठवू नका. बिघडलेली एकच ओळ असलेली फाइल, तिची पीडीएफ, स्क्रीनशॉट, हेल्प मेनूतल्या अबाउटमधला पूर्ण आवृत्ती-मजकूर, फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, आणि चिन्हांचे कोड क्रमानं. एवढं दिलं तर दुरुस्ती करणाऱ्याला लगेच हात घालता येतो. नुसतं 'डबे येतात' लिहिलं तर नोंद तशीच पडून राहते.